काही हरवलंय का

वेताळ टेकडीवर मी पोटावर पडून असतो,
खाणीच्या अलीकडे, जिथलं कुसळी गवत
मोज्यांत शिरून घरापर्यंत सोबतीला येतं.
सकाळचे पावणेसात. दसरा होऊन गेलेला.
येणारा-जाणारा विचारतो, काही हरवलंय का?
एकाने मोबाइलचा टॉर्च लावून दिला.
एका बाईंनी पाणी पुढे केलं, चक्कर आली असेल म्हणून.
घैसास मात्र रोज विचारतात,
तोच प्रश्न, रोज ताज्या संशयाने.

मी मोजणी खात्यातला माणूस.
दिवसभर आर, गुंठे, हेक्टर.
दोन भाऊ, मधे एक बांध,
बांधावरची बाभूळ कोणाची
यावर सोळा वर्षं आणि तीन वकील.
साखळी गेली, मशीन आलं,
खुणेचे दगड अजून रात्रीचे चालतात.
इथे मला अर्धा मिलिमीटर मिळतो.
फोकसची हद्द तेवढीच:
डोळा आला की पाय गेले,
पाय धरावेत तर डोळा धुक्यात.
कोपरांवर मागेपुढे डुलत राहायचं,
अर्धा श्वास सोडून, अर्धा राखून.

लेन्स जुन्या बाजारातली, एका बुधवारी घेतलेली.
नळाच्या तोट्या आणि बिनकाट्यांचं घड्याळ
यांच्या मधे पडून होती.
विकणारा म्हणाला, स्टुडिओ मोडला एकाचा,
पासपोर्ट फोटोची आहे, काच बघा, काच.
म्हणजे जन्मभर हिने
दोन्ही कान दिसतात का एवढंच पाहिलेलं.
हनुवटी खाली. खांदे सरळ. हसू नका.
मी ती कॅमेऱ्याला उलटी लावली.
उलट्या लेन्सला सिंहगड दिसत नाही,
समोरच्या टेकडीवरचे टॉवर दिसत नाहीत,
सगळं ताकासारखं पांढुरकं होतं,
आणि चार बोटांवर एकदम कोणीतरी असतं.

परवा, पानाच्या पाठीला
ढेकण्याची चौदा अंडी.
नुसत्या डोळ्यांना मोहरी सांडल्यासारखी.
लेन्समधून मात्र माठच, चिकटून मांडलेले,
प्रत्येकाला झाकण,
झाकणाच्या कडेला बारीक पापण्या.
पहिल्या दिवशी दुधाळ.
तिसऱ्या दिवशी प्रत्येक माठातून
दोन लाल ठिपके माझ्याकडे बघत होते.

चौथ्या दिवशी फ्लॅशवर
श्रीखंडाच्या डब्याचं झाकण चिकटवत होतो,
तर डोक्यावर सावली.
काही हरवलंय का?
मी म्हटलं, हो. खाली या.

कोणी इतकं स्पष्ट बोलावलं नसावं त्यांना.
त्यांनी काठी ठेवली, टोपी ठेवली,
गुडघ्यांचा एक एक आवाज करत
वनखात्याच्या जमिनीवर आडवे झाले
आणि स्क्रीनमध्ये डोकावले.

एक झाकण उचललं जात होतं.
बिजागरी असल्यासारखं, एका बाजूने,
आतून कोणीतरी डोक्याने रेटत होतं,
थांबत होतं, पुन्हा रेटत होतं.
मग नारिंगी, ओलसर, भाताच्या कणीएवढं काही
काठावर येऊन बसलं.
सहा पाय. तेही त्याला अजून नीट ठाऊक नसावेत.
दुसरं झाकण. पाचवं.
बाहेर आलेला कोणीच लांब गेला नाही,
आपापल्या रिकाम्या माठाला खेटून राहिले सगळे.

कोणाची आहे ही जागा, घैसासांनी विचारलं.
सवयीने माझ्या तोंडी गट नंबर आला होता.
गिळला.

तेवढ्यात ते म्हणाले, अरे बापरे,
अगदी हळू, बायपास झालेल्या माणसाच्या बेताने,
पण त्या श्वासाने पान हललं.
त्या दिवसाचा एकच बरा फोटो आहे माझ्याकडे.
त्यात फोकस पानाच्या शिरेवर आहे,
चौदाच्या चौदा नारिंगी धूर.
ऑफिसातल्या कपिलेने विचारलं, काय आहे हे?
घैसास, मी म्हटलं.

वर पायवाटेवर बूट थांबले, नवे, पांढरे.
काका, काही हरवलंय का तुमचं?
मी तोंड उघडायच्या आत
शेजारून एक हात वर गेला,
कुसळांनी भरलेला,
आणि शांत बसा म्हणाला.